दगड बेल्जियमचा, पाणी परभणीचं: एका वस्तऱ्याच्या धारेचं प्रकरण

प्रकरण परभणीतल्या एका जुन्या सलूनमधलं आहे. सध्याच्या कारागिराच्या आजोबांची धोकटी माळ्यावरून खाली निघाली. तिच्यात घडीचे दोन वस्तरे होते, नराणी, चिमटा, वाळून कडक झालेला चामड्याचा पट्टा आणि लाकडी डबीत ठेवलेला एक लांबट दगड. दगड साधारण १५० मिमी लांब आणि ४० मिमी रुंद. वरचा थर फिकट पिवळा, खालचा जांभळट काळा. याच दुकानात एक निवृत्त गुरुजी येतात. ते स्वतःचा जर्मन वस्तरा घरून आणतात आणि त्यानंच दाढी करून घेतात. त्या वस्तऱ्याला आजोबांच्या दगडावर धार लावायची, असं कारागिरानं एप्रिलच्या शेवटी मनावर घेतलं.

धार लागल्यासारखी दिसत होती. हातावरचे केस तुटत होते. पण गालावर वस्तरा टेकला की गुरुजी मान मागं घ्यायचे. त्यांची तक्रार एका वाक्याची होती: "धार तर बसली वाटतंय, पण केस कापायच्या ऐवजी ओढायलंय." पुन्हा घासलं, पट्ट्यावर जास्त वेळ फिरवलं, फरक पडला नाही. दगड झिजून निकामी झालाय आणि आता बाजारातला मशीनवर बनवलेला दगड आणावा, या निष्कर्षापर्यंत गोष्ट आली होती.

निष्कर्ष चुकीचा होता. दगड उत्तम होता आणि वस्तराही. खोट तीन ठिकाणी होती. पहिल्या दोन लवकर सापडल्या. तिसरीनं सगळ्यांना दमवलं, आणि ती मराठवाड्यातल्या उन्हाळ्याशी थेट जोडलेली असल्यानं इथं तिच्यावर जास्त लिहिलं आहे.

दगड कोणता, हे आधी ठरवणं

आपल्या भागात पिवळा दगड दिसला की तो शहाबादी किंवा जैसलमेरी असावा असं वाटणं साहजिक आहे. दोन्ही चुनखडीचे. त्यांच्या कोपऱ्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. या दगडाच्या कोपऱ्यावर थेंब टाकून पाहिला, फेस आला नाही. लगेच भरपूर पाण्यानं धुतला. मराठवाड्याच्या जमिनीतून निघालेला तो असणं शक्यच नव्हतं. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. त्यात लहानमोठे स्फटिक मिसळलेले असतात. विळा, कोयता, कुऱ्हाड यांना तो चालतो, वस्तऱ्याची धार मात्र त्यावर दातेरी होते.

दुसरी खूण दुधाळ पाण्याची. स्वच्छ पाण्याचे थेंब टाकून पृष्ठभाग घासला की पांढरट, किंचित पिवळी स्लरी, म्हणजे दगडाचे कण मिसळलेलं पाणी, सुटली. त्यात पोलाद फिरलं की ती राखाडी होत गेली. फिकट पिवळा थर, त्याखाली जांभळट पाटीचा दगड आणि मलईच्या रंगाची स्लरी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो बेल्जियमचा 'कोटिक्युल' असतो. बेल्जियमच्या आर्देन डोंगराळ भागात, व्हिएल्साल्म गावाच्या परिसरात, पाटीच्या दगडांमध्ये याचे अरुंद पिवळे थर सापडतात. वय ४५ कोटी वर्षांच्या वर. थर बारीक, खणणं कष्टाचं, म्हणून माल कायमच थोडा. पातळ पिवळी चकती मोडू नये यासाठी ती पाटीवर चिकटवून विकायची पद्धत जुनी आहे. काही तुकड्यांत खालचा निळसर थर निसर्गतःच जोडलेला असतो. या दगडात दोन थरांच्या मध्ये सरळ, एकसारखी सांधरेघ होती, म्हणजे तो चिकटवलेला.

हा दगड वस्तऱ्याला का मानवतो, त्याचं कारण त्याच्या पोटात आहे. त्यात ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास गार्नेट या खनिजाचे कण असतात, मँगनीज असलेल्या स्पेसार्टीन जातीचे. बाकीचा भाग अभ्रकासारखा मऊ. गार्नेटचा कण ५ ते १५ मायक्रॉनचा, म्हणजे आकड्यानं फार बारीक नाही. पण त्याला टोकदार कंगोरे नसतात. अनेक पैलूंचा, जवळजवळ गोल असा तो कण पोलादात खोल न जाता उथळ ओरखडा काढतो. म्हणून हा एकच दगड स्लरीसकट वापरला तर झपाट्यानं पोलाद खातो आणि नुसत्या पाण्यावर वापरला तर अतिशय मऊ धार देतो. अर्थात दोन टोकांच्या मधला प्रवास कारागिराच्या हातात असतो, आणि हे प्रकरण अडलं ते त्या प्रवासात.

पहिली खोट: तेल आणि खोलगट मधला भाग

सलूनमध्ये पत्तीचे वस्तरे आल्यावर दगड घरात गेला आणि विळी-चाकूंसाठी तेल घालून वापरला गेला. वरचा भाग तपकिरी, चकचकीत झाला होता. तेल आत किती मुरलं असेल, ही भीती होती. पण कोटिक्युल पाणी पीत नाही, म्हणून तेलही फारसं आत जात नाही. भांडी घासायच्या साबणानं आणि मऊ ब्रशनं वरचा थर निघतो, उरलेला सपाटीकरणात जातो. उकळतं पाणी वापरायचं नाही. जुना सांधा सुटतो, आणि गरम-थंडच्या झटक्यानं थर उकलू शकतो. रॉकेल, थिनर यांचीही गरज नसते.

पोलादी पट्टी रुंदीवर उभी धरून उजेडात पाहिली तर मध्ये फट दिसली. गॅरेजमधला फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातली, फट अर्धा मिलिमीटर भरली. पिवळा थर कडेला ७ मिमी होता, म्हणजे सपाट करायला पुरेसा माल होता. लांबीतली हलकी खोलगट एक वेळ चालते. रुंदीतली चालत नाही, कारण पातं दोन्ही काठांवर टेकून मध्ये अधांतरी राहतं. वस्तऱ्याच्या उतारावर, म्हणजे धारेलगतच्या तिरक्या पट्टीवर, मार्करची शाई लावून पाच-सहा हलके हात फिरवले, तेव्हा टाचेची (दस्त्याकडच्या बाजूची) आणि टोकाची शाई गेली, मधल्या २५ मिमीची जशीच्या तशी राहिली. गालावर सगळ्यात जास्त काम करणारा भाग दगडाला शिवतच नव्हता.

सपाट करायला काचेच्या दुकानातून १० मिमी जाडीची काच आणली. तिच्यावर ओला वॉटर पेपर चिकटवून बसवला, नंबर २२०. दगडावर पेन्सिलनं चौकटी आखल्या आणि भरपूर पाणी घालून इंग्रजी आठच्या आकारात घासला. पेन्सिल मधून पुसली जाईपर्यंत थांबायचं नाही. मध्ये-मध्ये दगडाची दिशा १८० अंशांत फिरवायची, नाहीतर हाताच्या दाबानं एक बाजू उतरते. २२० चे कागद पटकन बोथट होतात, ते बदलताना हात आखडता घेऊ नये. त्यानंतर ४००, ६००, १०००, आणि प्रत्येक टप्प्यामध्ये दगड, काच, हात सगळं धुवायचं. फ्लोअरिंगची टाइल काचेऐवजी घेऊ नये, बहुतेक टाइल्स मध्ये किंचित फुगलेल्या असतात. शेवटी चारही वरच्या कडा १ मिमी तिरक्या मारल्या. कडा तीक्ष्ण राहिली तर तिरप्या हातात वस्तऱ्याची टाच तिच्यावर आपटते आणि धारेला दात पडतो.

दुसरी खोट: परका कण

दगड सपाट झाला, शाई पूर्ण लांबीवरून जाऊ लागली, पण ओढ कमी झाली नाही. सोनाराच्या १० पट भिंगातून पाहिलं तर उतारावर एकसारख्या धुरकट पोताच्या मध्ये दोन-चार खोल, चमकत्या रेघा दिसल्या. त्यांच्या टोकाशी धार किंचित तुटलेली.

या रेघा गार्नेटच्या नव्हत्या. धोकटीत स्लरी काढायचा छोटा दगड नव्हता, म्हणून कारागीर १००० नंबरच्या वॉटर पेपरचा तुकडा दगडावर घासून स्लरी काढत होता. त्या कागदाचा कण सिलिकॉन कार्बाइडचा, साधारण १८ मायक्रॉनचा, कंगोरेदार आणि गार्नेटपेक्षा बराच कठीण. कागदावरून सुटलेला एक कणही स्लरीत राहिला तर शंभर हातांचं काम एका हातात बिघडवतो. सपाटीकरणात निघालेली स्लरी वाटीत जपून ठेवायचा मोहही होतो. तिच्यात हेच कण असतात, म्हणून ती टाकून द्यावी.

उत्तम उपाय म्हणजे त्याच जातीच्या दगडाचा छोटा तुकडा. तो इथं मिळत नाही. मूळ दगडाचा कोपरा तोडणं तर आम्ही कोणालाही सुचवणार नाही. इथं ६०० नंबरची हिऱ्याची छोटी पट्टी मागवली. नवी पट्टी थेट दगडावर घासायची नाही. आधी जुन्या पोलादी तुकड्यावर पाण्यात काही मिनिटं घासून सैल कण झाडायचे आणि पट्टी ब्रशनं धुवायची. मग ती फक्त स्वतःच्या वजनानं दगडावर फिरवायची, दाब न देता.

वस्तरा

धोकटीतल्या दोन वस्तऱ्यांपैकी एकाच्या धारेवर गंजाचे खड्डे थेट काठापर्यंत गेले होते. तो बाजूला ठेवला. खड्ड्यांपर्यंत पोलाद खाऊन टाकलं तर पात्याचा आकार बिघडतो. गुरुजींचा वस्तरा सुस्थितीत होता: पात्याची रुंदी १६ मिमी, पाठीची जाडी ४.६ मिमी, पाठ दोन्ही बाजूंना सारखी झिजलेली.

वस्तऱ्याला कोन वेगळा धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली की कोन आपोआप ठरतो. ४.६ मिमी पाठ आणि १६ मिमी रुंदी यातून साडेसोळा अंश येतात, आणि ते दाढीला योग्य आहे. म्हणूनच पाठ उचलणं ही या कामातली सर्वांत महागडी चूक. चाकूची सवय असलेला हात नकळत पाठ उचलतो आणि धार क्षणात गोल होते. पाठीवर विजेच्या कामाच्या टेपचा एक थर लावला, साधारण ०.१२५ मिमी जाडीचा, तर कोन जवळपास एका अंशानं वाढतो. या वस्तऱ्याला सुरुवातीला टेप लावली नाही.

तिसरी खोट: पाणी

दगड सपाट, स्लरी शुद्ध, वस्तरा चांगला. तरीही गुरुजींचा गाल तक्रार करत होता, फक्त पूर्वीपेक्षा थोडी कमी. आता कारागीर करत होता ती पद्धत मुळात बरोबर होती. दाट स्लरीवर उतार बनवायचा, मग दर वीस दुहेरी हातांनी (दुहेरी म्हणजे दोन्ही बाजूंनी एक-एक) एक-एक थेंब पाणी घालत स्लरी पातळ करत जायची, आणि शेवटी स्वच्छ पाण्यावर संपवायचं.

ही पद्धत का आहे हे समजलं की बिघाड दिसतो. स्लरीतले मोकळे कण उतार झपाट्यानं खातात, पण त्याच वेळी धार स्लरीत नांगरासारखी शिरते आणि समोरून येणारे कण थेट तिच्या टोकावर आदळतात. उतार धारेला तीक्ष्ण करत असतो, आदळणारे कण तिला बोथट करत असतात. या दोघांची बरोबरी होते तिथं धार थांबते, मग तुम्ही कितीही घासा. स्लरी जेवढी दाट तेवढी ही बरोबरीची पातळी खाली. पाणी वाढवलं की कण विरळ होतात, आदळणं कमी होतं आणि धार पुढच्या पातळीला चढते. पण प्रत्येक पातळीवर तिला तिथवर पोचायला हात द्यावे लागतात. घाई करून दाट स्लरीवरून थेट स्वच्छ पाण्यावर उडी मारली तर धार स्लरीच्या पातळीवरच अडकते. नुसत्या पाण्यावर हा दगड इतका हळू पोलाद खातो की मागची कसर तो भरून काढत नाही.

इथं घाई झाली नव्हती. उलट झालं होतं. मे महिन्यातली दुपार, पत्र्याचं छत, डोक्यावर पूर्ण वेगात पंखा. १५० बाय ४० मिमी म्हणजे ६० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. त्यावर १० थेंब पसरवून पंख्याखाली ठेवले तर सात मिनिटांत दगड कोरडा पडला. पंखा बंद करून, सकाळी, तेवढेच थेंब पंधरा मिनिटांनंतरही ओले होते. म्हणजे दुपारी मिनिटाला थेंब-दीड थेंब नुसता उडून जात होता, आणि वीस दुहेरी हात व्हायला साधारण मिनिट लागतं. कारागीर जो थेंब घालत होता तो हवेनं गेलेलं पाणी कसंबसं भरत होता. त्याच्या हिशेबानं स्लरी पातळ होत होती, दगडावर ती होती तेवढीच राहत होती, कधी तर आणखी दाट होत होती. शेवटी स्वच्छ पाण्यावर गेला तेव्हा धार अजून दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवरच होती. थंड, दमट हवेत लिहिलेले थेंबांचे आकडे परभणीच्या उन्हाळ्यात पाळले, तर हेच होणार.

पाण्याच्या जातीचाही भाग होता. बोअरचं पाणी जड. सुकलं की पात्यावर पांढरे डाग राहतात. हे क्षार मऊ असल्यानं धारेला ओरखडे काढत नाहीत, पण धारेजवळ ओल धरून ठेवतात आणि रातोरात गंजाचे ठिपके पाडतात. धारेच्या काठावरचा गंजाचा ठिपका म्हणजे पुढच्या दाढीतला दात. म्हणून जारचं पाणी वापरायचं ठरलं.

मग काम असं केलं

वेळ सकाळी सातच्या आतली. पंखा बंद, खिडकीतून वारा येणार नाही अशी जागा. दगडाखाली ओलं सुती फडकं, त्यानं दगड सरकत नाही आणि गार राहतो. शेजारी ड्रॉपरच्या बाटलीत जारचं पाणी.

८ ते १० थेंब टाकून हिऱ्याची पट्टी पंधरा-वीस वेळा हलकी फिरवली. स्लरी साय काढलेल्या दुधाइतकी झाली की पुरे. त्याहून दाट केली तर पातं तिच्यावर तरंगतं आणि दगडाचा स्पर्श हाताला कळत नाही. वस्तरा एका बाजूनं वीस वेळा पुढं-मागं, मग दुसऱ्या बाजूनं वीस. पात्यावर तर्जनीचा अगदी हलका दाब. असे तीन संच झाल्यावर थांबून तपासणी केली. स्लरीवरची धार असूनही पूर्ण लांबीवर, दर सेंटिमीटरला, हातावरचा केस त्वचेजवळून तुटला पाहिजे. टोकाकडचे ८ मिमी तोडत नव्हते, म्हणून तिथंच आणखी दोन संच दिले. ही परीक्षा पास होईपर्यंत पाण्याचा एकही थेंब वाढवायचा नाही. पुढचा कोणताही टप्पा कच्चा उतार दुरुस्त करत नाही. गुरुजींच्या धारेला कुठं दात नव्हता म्हणून हे काम याच दगडावर झालं. दात असता तर आधी १००० नंबरच्या कृत्रिम पाणदगडावर तो काढावा लागला असता, कारण कोटिक्युलवर ते काम फार रेंगाळतं.

यानंतर दाब पूर्ण बंद, पात्याचं वजन तेवढंच. दगड ४० मिमी रुंद आणि धार ७५ मिमीची, त्यामुळे हात तिरपा: टाचेपासून सुरू करून पुढं नेता-नेता टोकापर्यंत सरकवायचं, धार पुढं ठेवून. दुसऱ्या बाजूला वळवताना वस्तरा पाठीवरून उलटायचा. धारेवरून उलटला तर आतापर्यंतची सगळी मेहनत गेली.

पाण्याचं वेळापत्रक हातांच्या मोजणीवरून डोळ्यांवर आणलं. या दगडात लांबीला समांतर एक बारीक तपकिरी रेघ आहे. दाट स्लरीत ती अजिबात दिसत नाही. दर दहा दुहेरी हातांनी दोन किंवा तीन थेंब घातले, आणि मोजमाप रेघेवर ठेवलं. रेघ पुसट दिसू लागली की निम्मा रस्ता. रेघेची कड स्पष्ट झाली की स्लरी खूप विरळ. पाणी धारेपुढं लाटेसारखं पळायला लागतं, तेव्हा ते पात्यावर चढतंय का हे पाहायचं. पाणी पूर्ण धारेवर सारखं चढलं तर उतार सगळीकडं टेकतो आहे.

कडेला स्लरी सुकून पापुद्रा धरला तर त्यावर पाणी टाकून पुन्हा मिसळायचं नाही. सुकलेली ढेकळं पूर्ण फुटत नाहीत आणि धारेवर आदळतात. दगड धुवून, पट्टीनं दोन-तीन हलके हात मारून विरळ स्लरी नव्यानं काढायची आणि तिथून पुढं जायचं. इथं तसं एकदा करावं लागलं.

शेवटचा टप्पा धुतलेल्या दगडावर, स्वच्छ पाण्यात, ५० दुहेरी हात. काही कोटिक्युल नुसत्या पाण्यातही कण सोडतात आणि संपवणीची धार मागं खेचतात. परीक्षा सोपी आहे: तीस हातांनी पाणी गढूळ झालं का पाहायचं. या दगडाचं पाणी किंचित दुधाळ झालं. म्हणून दर दहा हातांनी तांब्यातून बारीक धार सोडून पृष्ठभाग धुतला. ज्या घरात नळ आठवड्यातून एकदा येतो तिथं वाहत्या नळाखाली धार लावा असं सांगण्यात अर्थ नाही, तांब्या पुरतो.

एवढं करूनही कोणाची धार चढत नसेल तर टेपचा वापर इथं करावा. पाठीवर एक थर लावून अतिशय विरळ स्लरीवर पंधरा आणि पाण्यावर तीस दुहेरी हात द्यावेत. कोन थोडा वाढल्यानं धारेच्या अगदी टोकाशी नवा, बारीक उतार पडतो. तेवढंच पोलाद खायचं असल्यानं हळू दगडही ते पूर्ण करतो. पुढच्या वेळीही टेप लागते, हे मात्र लक्षात ठेवावं. गुरुजींच्या वस्तऱ्याला ही वेळ आली नाही.

पट्टा

आजोबांचा पट्टा कडक होता आणि मध्ये चिरलेला. चिरेवर धार अडकते, म्हणून तो वापरातून काढला. नव्या ५० मिमी रुंद पट्ट्याला खोबरेल लावायचं कारागिराच्या मनात होतं, ते टाळलं. तेलानं चामडं ढिलं पडतं आणि झोळ आलेला पट्टा धार गोल करतो. उन्हाळ्यात चामडं कोरडं पडलं तर स्वच्छ तळहात दाबून वीस-तीस वेळा फिरवावा, हाताची ऊब आणि स्निग्धता पुरते. आधी सुती पट्ट्यावर २० हात, मग चामड्यावर ५०, पाठ पुढं आणि धार मागं. पट्टा ताठ, वस्तरा हलका.

निकाल

हातावरच्या केसांवर निर्णय घ्यायचा नाही, कारण तिथं आधीची ओढणारी धारही पास होत होती. टांगता केस धारेवर सोडून पाहिला. टाचेजवळ आणि मध्ये तो आपण न हलवता तुटला, टोकाकडे किंचित हलवावा लागला. खरी परीक्षा गालाची. केसांच्या दिशेनं पहिला हात आणि आडवा दुसरा हात गुरुजींनी मान न हलवता करून घेतला. हनुवटीखाली, जिथं टोकानं काम करावं लागतं, थोडी ओढ अजून होती. भिंगाखाली टोकाकडच्या ६ मिमीचा उतार एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद दिसतो. पातं तिथं किंचित पीळ खाल्लेलं आहे. ते एका बैठकीत सरळ करायला गेलं तर पोलाद वाया जातं. पुढच्या प्रत्येक धारेच्या वेळी अरुंद बाजूला, टोकाशी, आठ-दहा हात जास्त द्यायचे आणि ते हळूहळू जुळू द्यायचं, असं ठरलं.

दुकानातली शिस्त

हा वस्तरा फक्त गुरुजींचा आहे. पत्ती बदलता न येणारा वस्तरा एकापेक्षा जास्त माणसांना वापरला तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. पाण्यात धुणं, डेटॉलनं पुसणं, तुरटी फिरवणं यातलं काहीही पुरेसं नाही. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना नवी पत्ती, दरवेळी. धार लावायच्या आधी वस्तरा साबणानं धुवायचा. धार लावताना कापलं तर ती स्लरी फेकून दगड धुवायचा.

गुरुजींच्या वस्तऱ्याचा दस्ता सेल्युलॉइडचा आहे. जुनं सेल्युलॉइड उष्णतेनं कुजतं आणि त्यातून सुटणारी वाफ पात्याला गंज आणते. शिवाय ते पटकन पेट घेतं. म्हणून वस्तरा खिडकीत, उन्हात किंवा बंद डबीत ठेवायचा नाही. पातं जारच्या पाण्यानं धुवून पूर्ण कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात, आणि दस्ता किंचित उघडा, हवेशीर कप्प्यात. वापराआधी तेल साबणानं काढायचं.

दगड डबीत ठेवताना धुवून सावलीत वाळवायचा. चिकटवलेला असल्यानं पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. दर दाढीआधी पट्टा पुरतो. गाल ओढ सांगायला लागला की फक्त स्वच्छ पाण्यावर, ताज्या धुतलेल्या दगडावर, ३० दुहेरी हात. दोनदा असं करूनही ओढ राहिली तरच स्लरी काढायची, आणि ती काढायची तर पंखा बंद करूनच.